जोडवर्ग, बसलेला घसा आणि छडीचा सल्ला

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. सांगली जिल्ह्यातून, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलमार्फत निवड झाली आणि शहादा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी शिक्षणसेवक म्हणून आलात. शाळा दोनशिक्षकी. पहिली-दुसरी मुख्याध्यापकांकडे, तिसरी-चौथी तुमच्याकडे, पट ३१. चौथीला गणित सांगायला वळलात की तिसरी उठते आणि तिसरीकडे वळलात की चौथी. दुपारपर्यंत तुमचा घसा बसतो. मुलं आपसात अहिराणी आणि पावरी (पावरा आदिवासींची बोली) बोलतात, ते कळत नाही, म्हणून आपल्यालाच हसतायत असं वाटतं. सोबतचे सर, म्हणजे मुख्याध्यापकच, म्हणतात, छडी घ्या. शिवाय तिसरीतली एक मुलगी रोज धाकट्या भावाला काखेला मारून येते, तिला परत पाठवू का, असंही विचारलंत. माझी सगळी नोकरी धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतल्या जिल्हा परिषद शाळांत गेली, त्यातली बरीचशी जोडवर्गावरच. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

‘दंगा झाल्यावर काय करू’ हे तुम्ही वेगवेगळ्या शब्दांत तीनदा विचारलंय. त्याचं उत्तर मी सगळ्यात थोडक्यात देणार आहे, कारण वर्ग तिथे हातात येत नाही. जेकब कौनिन नावाच्या अमेरिकन संशोधकाने वर्गांचं चित्रीकरण करून हेच तपासलं होतं. १९७० साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्ग चांगला चालवणारे शिक्षक दंगा झाल्यावर काय वेगळं करतात, हे तो शोधत होता. रागावण्याच्या पद्धतीत त्याला सांगण्याजोगा फरक मिळाला नाही. फरक होता तो दंग्याच्या आधी. शिक्षकाचं सगळ्या वर्गावर लक्ष आहे हे मुलांना जाणवतं का, एका कामातून दुसऱ्या कामात वर्ग न अडखळता जातो का, एका गटाशी बोलताना बाकीच्यांच्या हाताला काम असतं का, एवढंच. त्याचे वर्ग अमेरिकेतले होते. पण आपल्या बसकरपट्ट्यांवरच्या जोडवर्गात मी हेच पाहिलंय.

तेव्हा आधी एक काम करा. टाचणवहीच्या शेवटच्या पानावर तीन दिवस फक्त एवढंच लिहा: आवाज कधी वाढला आणि त्या क्षणी मी काय करत होतो. मुलांची नावं लिहू नका. मी शाळेत न येताच सांगते, चार जागा निघतील. परिपाठ संपवून मुलं वर्गात शिरतात ती वेळ. तुम्ही वह्या तपासायला खाली मान घालता ती वेळ. एका इयत्तेकडून दुसरीकडे वळता ती वेळ. आणि खिचडीनंतरचा पाऊण तास. बाकीच्या दिवसभर मुलं तुम्हाला वाटतात तेवढी वाईट वागत नसतात. आपल्याला आठवण मात्र त्या चार वेळांचीच राहते.

वळण्याची वेळ सगळ्यात महत्त्वाची, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते. तुम्ही तिसरीला म्हणता, ‘पान २३ वाचत बसा,’ आणि चौथीकडे जाता. तिसरीतल्या निम्म्या मुलांना ते पान वाचताच येत नाही आणि ज्यांना येतं त्यांचं चार मिनिटांत उरकतं. म्हणजे पाचव्या मिनिटाला तिसरीचा सगळा वर्ग रिकामा. रिकामं आठ वर्षांचं पोर शेजारच्याला चिमटा काढणारच, तो काही तुमचा अपमान करत नाही. यावर उपाय म्हणजे वळण्याआधी तिसरीच्या हातात दोन कामं हवीत: एक आत्ताचं आणि एक ‘ते संपलं तर’चं. दुसरं काम रोज तेच असलं तरी चालतं. शब्दपट्ट्यांचा डबा, पाढ्यांची पाटी, वाचनकोपऱ्यातली गोष्टीची पुस्तकं. ते विचारायला मुलाने तुमच्यापर्यंत यायचं नाही, हे मात्र ठरलेलं हवं. दोन्ही कामं सकाळी शाळा भरण्याआधी फळ्याच्या डाव्या बाजूला लिहून ठेवा. फळ्यावर लिहिताना वर्गाला पाठ होते आणि जोडवर्गात पाठ दाखवणं महागात पडतं.

काम असं निवडा की जे मूल तुमच्याशिवाय करू शकेल. नवीन घटक कधीच ‘बसून करा’ म्हणून देऊ नका. कालचं, परवाचं द्या. आणि कमी वाचणारी पाच-सहा मुलं असतील तर त्यांना वाचता येणाऱ्या एकेकाजवळ बसवा. चौथीची मुलगी तिसरीच्या मुलाला ओळ वाचून दाखवत असेल तर आवाज होईल. तो होऊ द्या. कामाचा आवाज आणि रिकामा गोंगाट यांतला फरक कान आठवडाभरात ओळखायला लागतो. केंद्रप्रमुख भेटीला आले तरी घाबरून ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करायला लावू नका. अनुभवी केंद्रप्रमुखांना चिडीचूप वर्ग पाहून उलट शंका येते.

‘हाताची घडी, तोंडावर बोट’ हे एक मिनिटाचं औषध आहे. सूचना द्यायची आहे, तेवढ्यापुरतं ठीक. दहा मिनिटं मुलं तशी बसवली की पुढच्या वेळी ते चालत नाही. त्यापेक्षा एक खूण ठरवा: टाळीचा ठेका, किंवा नुसता वर केलेला हात. तुम्ही हात वर केला की दिसेल त्याने हात वर करायचा आणि गप्प व्हायचं. हे सांगून होत नाही, सराव करावा लागतो, कवायतीसारखा, हसतखेळत, दिवसातून पाच-सहा वेळा. आणि खूण केल्यावर सगळे शांत होईपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही. नवे शिक्षक नेमके इथे घसरतात. अर्धा वर्ग बोलत असतानाच सूचना द्यायला लागतात. मग मुलं बरोबर शिकतात की सर बोलत असताना बोललं तरी चालतं.

घशाचं असं आहे की तुमचा आवाज चढला की वर्गाचा चढतो, कारण मुलांना एकमेकांचं ऐकू येत नाही. मुद्दाम हळू बोला, पहिल्या दोन रांगांना जेमतेम ऐकू जाईल इतकं. मागची मुलं पुढच्यांना गप्प करतील. हे पहिल्या दिवशी जमणार नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी जमतं. आणि मागच्या रांगेत एखाद्याला काही सांगायचं असेल तर टेबलापासून ओरडू नका, चालत त्याच्यापर्यंत जा आणि कानात सांगा. तीस जणांसमोर रागावलं की ते पोर तीस जणांसमोर उत्तर देतं, कारण त्यालाही तोंड राखायचं असतं.

प्रश्न विचारल्यावरही थांबायला शिका. मेरी बड रो या संशोधिकेने मोजलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबलं की उत्तरं लांब येतात आणि एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागतात. तुमच्या वर्गात तर मूल प्रश्न मराठीत ऐकतं, मनात अहिराणीत किंवा पावरीत फिरवतं आणि परत मराठीत उत्तर जुळवतं. त्याला तीनही पुरत नाहीत. तुम्ही एका सेकंदात ‘कोण सांगेल? कोण सांगेल?’ केलंत की तीन हुशार मुलं ओरडतात आणि बाकीचे अठ्ठावीस तुमच्या तासातून उठून जातात, शरीराने बसलेले असले तरी.

भाषेबद्दल तुमची शंका समजते. सांगलीहून आलेल्याला अहिराणी कानावर पडली की निम्मी कळते आणि निम्मी सुटते. पावरीचं तर काहीच कळत नाही. पण मुलं बहुतेक वेळा तुमच्याविषयी बोलत नसतात. बकरी कोणाच्या वावरात शिरली, होळीआधीच्या भोंगऱ्याच्या बाजारात काय घेणार, हे त्यांचं चाललेलं असतं. चौथीच्या मुलांनाच गुरू करा. ये, बस, उघड, लिही, हळू, पाणी, दुखतंय का, अशी रोज लागणारी वाक्यं दोन्ही भाषांत विचारून घ्या आणि वर्गातच, त्यांच्यादेखत म्हणून बघा. तुमचा उच्चार ऐकून मुलं खो खो हसतील. हसू द्या. ‘आठे ये, बठ’ म्हणणाऱ्या सरांकडे मूल ज्या पावलाने येतं, त्या पावलाने ते ‘इकडे ये’ला येत नाही. नवीन संकल्पना सांगून झाली की एखाद्या मुलाला ती त्याच्या बोलीत बाकीच्यांना सांगायला लावा. त्यात दोन मिनिटं जातात, आणि पुढचा ‘सर, काय करायचं?’चा गलका वाचतो.

नावं पाठ करा. पावरा, वसावे, पाडवी, भिल, पाटील अशी आडनावं एका वर्गात चार-चारदा येतात. आडनावाने हाक मारली की चार जण वळतात आणि ‘ए तू, मागचा’ म्हटलं की कोणीच वळत नाही.

आता बारीकसारीक गोष्टी, ज्यांत दिवस वाया जातो. पाणी आणि लघवी. करंगळी वर करून ‘सर, एकीला जाऊ?’ एकाने विचारलं की पाच जण उठतात. दाराजवळ एक लाकडी ठोकळा ठेवा. ज्याला जायचं त्याने तो तुमच्या टेबलावर आणून ठेवायचा आणि न विचारता जायचं. परत आला की ठोकळा जागेवर. ठोकळा टेबलावर असेल तर दुसऱ्याने थांबायचं. फार घाई असेल तर अर्थातच सूट. ‘सर, याने माझं रबर घेतलं’ या तक्रारी: ‘मधल्या सुट्टीत सांग’. ऐंशी टक्के पोरं मधल्या सुट्टीत विसरतात, जी येतात त्यांची तक्रार खरंच ऐकण्यासारखी असते. मात्र कोणी मारलं, कपडे ओढले, काही घाण बोललं, तर लगेच ऐका.

मॉनिटरला ‘बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही’ हे काम कधीच देऊ नका. आपल्या सगळ्या शाळांत चालतं आणि सगळ्या शाळांत बिघडतं. दोस्तांची नावं गळतात, भांडणातल्यांची येतात आणि हिवाळ्यात तर बोरं-चिंचांवर नावं पुसली जातात. लाचलुचपतीचा पहिला धडा आपण तिसरीत देतो. मॉनिटरला वह्या वाटायला, चटया अंथरायला, फळा पुसायला, हात धुण्याची रांग बघायला लावा. आणि दर आठवड्याला बदला. तुम्हाला सगळ्यात त्रास देणाऱ्या पोरालाही त्याची पाळी येऊ द्या.

खिचडीनंतर मुलं सुस्त तरी असतात नाहीतर उधळलेली तरी. त्या वेळी व्याकरण किंवा भागाकार घेऊ नका. गोष्ट मोठ्याने वाचा, चित्र काढायला द्या, कविता चालीवर म्हणा. अवघड विषय परिपाठानंतरच्या पहिल्या दीड तासात. मार्च-एप्रिलला तर खान्देशात हा हिशोब आणखी कडक होतो. पारा चाळिशीच्या वर आणि डोक्यावर पत्रा असेल, तर दुपारी मुलं शिकत नाहीत, शिक्षकही शिकवत नाही, फक्त हजेरी भरते. सकाळची शाळा सुरू होईपर्यंत झाडाखाली बसवा.

छडीचं आता. कायद्याचं आधी: शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्ही बंद, आणि मोडलं तर सेवानियमांप्रमाणे शिस्तभंगाची कारवाई. अंगठे धरून उभं करणं, उठाबशा, सगळ्यांसमोर ‘ढ’ म्हणणं, हेही त्यात आलं. तुम्ही शिक्षणसेवक आहात, तीन वर्षांच्या काळात असली भानगड अंगावर घेऊ नका. पण कायदा नसता तरी मी नकोच म्हटलं असतं, आणि कारण अगदी व्यवहाराचं आहे. तुमच्या सांगलीत मार खाल्लेलं मूल दुसऱ्या दिवशी आईच्या धाकाने शाळेत येतं. इथे ते येत नाही. त्याच्यासमोर बकऱ्या आहेत, वावर आहे, नदी आहे. एक दिवसाचे आठ दिवस होतात आणि मग तुम्हीच पाड्यावर त्याला शोधत फिरता. छडीने वर्ग अर्धा तास शांत होतो, हे खरं आहे. म्हणूनच ती सुटत नाही. सोबतच्या सरांशी वाद घालू नका, ते सीनियर आहेत आणि एकाच ओसरीवर दिवस काढायचे आहेत. ‘बघतो सर’ म्हणा आणि आपलं करत राहा. पालकही म्हणतील, ‘मारा सर, आम्ही काही बोलणार नाही.’ पण पोराच्या पाठीवर वळ दिसला की तेच बोलतात, आणि ते बरोबरच आहे.

बक्षिसांनी वर्ग चालवायचाही मोह होतो. १६,००० मानधनात घरभाडं आणि गावी जायचं तिकीट भागवताना चॉकलेटची पाकिटं आणू नका. दोन आठवड्यांनी मुलं विचारतात, ‘आज काय देणार?’ आणि नाही दिलं तर काम थांबतं. चांगलं काम केलेल्याची वही दुसऱ्यांना दाखवा, काय चांगलं ते नेमकं सांगा. पुरतं.

इतकं करूनही दोन-तीन मुलं उरतील. त्यांच्याबाबतीत शिस्तीचा विचार करण्याआधी तब्येतीचा करा. फळ्याकडे न बघता शेजाऱ्याच्या वहीत डोकावणाऱ्याला दिसत नसेल. तीनदा हाक मारून न वळणाऱ्याचा कान वाहत असेल. आणि तुमच्या भागात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. हातपाय दुखतात म्हणून पाटीवर डोकं ठेवून पडणारं मूल आळशी नाही, त्याचं सिकलसेलचं कार्ड आहे का ते घरी विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, तेव्हा या मुलांची नावं आधीच काढून ठेवा आणि स्वतः उभं राहून दाखवा. तपासणी भराभर होते, तुम्ही बोट दाखवलं नाही तर राहून जातं.

त्यांच्या घरी जा. संध्याकाळी, दिवे लागल्यावर, कारण दिवसा घरात कोणी नसतं. पहिली भेट तक्रार घेऊन कधीच नको. त्याने केलेली एखादी चांगली गोष्ट सांगा, कितीही छोटी असो, चहा घ्या आणि निघा. तक्रारीची वेळ नंतर येईल आणि तोवर त्या घरात तुम्ही ओळखीचे असाल.

दंगा झाल्यावर काय, हे सुरुवातीला बाजूला ठेवलं होतं. पहिल्यांदा नुसतं बघा, दुसऱ्यांदा त्याच्याजवळ जाऊन उभे राहा, शिकवणं न थांबवता. तिसऱ्यांदा जागा बदला. भांडण असेल तर दोघांना वेगळं करा आणि निवाडा मधल्या सुट्टीत, दोघांचं ऐकून. अख्ख्या वर्गाला एकाच्या चुकीची शिक्षा नको. आणि जी धमकी पाळणार नाही ती देऊ नका. ‘उद्यापासून शाळेत येऊ नको’ हे तर मुळीच नाही. एखादं पोर ते खरं धरतं.

हे सगळं कधी सुरू करायचं? दिवाळीची सुट्टी जवळ आली आहे. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवसापासून करा, मध्येच बुधवारी उठून नवे नियम लावू नका. दिवाळीनंतर आपल्याकडे कापूस वेचणी जोरात असते. ‘काल कथा गयथा?’ (काल कुठे गेला होतास?) विचारलं की ‘कापूस येचाले गयथू’ हेच उत्तर येतं. काही घरं ऊसतोडीला गुजरातकडे निघून जातात. एकतीसच्या पटात अठरा-वीसच मुलं बसतील. हजेरीच्या दृष्टीने वाईट, पण सवयी लावायला ही वेळ सोन्यासारखी. वीस मुलांना खूण, ठोकळा, ‘संपलं तर’चं काम हे पक्कं करा. बाकीची जशी परत येतील तशी या वीस जणांतला एकेक त्यांच्याबरोबर जोडून द्या, तुम्हाला पुन्हा सांगावं लागणार नाही. स्थलांतर करणाऱ्या मुलांना निघण्याआधी, तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून असलेलं शिक्षण हमी कार्ड मिळतंय ना, हे मुख्याध्यापकांना विचारून घ्या. ती होळीच्या सुमाराला परततात. वर्ग पुढे गेलेला असतो, काही समजत नाही आणि मग तीच पोरं ‘दंगेखोर’ ठरतात. त्यांच्यासाठी गेल्या तीन-चार महिन्यांतलं अत्यावश्यक तेवढंच काढून ठेवा: वाचनाच्या शब्दपट्ट्या, हातच्याची बेरीज-वजाबाकी. आणि होळीच्या आठवड्यात कसलीही चाचणी लावू नका. पायथ्याच्या आणि पहाडातल्या घरांचा तो वर्षातला सगळ्यात मोठा सण. भोंगऱ्याचा बाजार सोडून पोरं चाचणीला बसणार नाहीत, आणि बसावीत असं मलाही वाटत नाही.

राहिली ती भावाला घेऊन येणारी मुलगी. तिला परत पाठवू नका. परत पाठवलीत तर ती दोघंही घरी बसतील आणि पुढच्या वर्षी ती पटावर फक्त नावापुरती उरेल. भाऊ तीन वर्षांचा झाला असेल तर अंगणवाडी सेविकेशी बोला, तुमच्या आवारातच किंवा शेजारी अंगणवाडी असेल. त्याहून लहान असेल तर आईबाप वावरातून येईपर्यंत तो वर्गातच राहणार हे धरून चाला. तिची जागा दाराजवळ करा, म्हणजे तो रडायला लागला की ती न विचारता बाहेर नेऊ शकेल. एक पाटी आणि खडूचा तुकडा त्याच्याही हातात द्या. तिला मॉनिटरची पाळी आली तर ती चुकवू नका, त्या दिवशी भावाला कोण सांभाळेल हे वर्गाला विचारा. चार हात वर होतील, त्यात दोन मुलांचे असतील.